निळा घाट

बैहरकडे जाणारी बस गांगुलपाऱ्याच्या घाटात चहाला थांबते. ड्रायव्हर टपरीत शिरतो, कंडक्टर तंबाखू मळतो आणि माझ्यासारखी म्हातारी माणसं खाली उतरून गुडघे मोकळे करतात. मागच्या पौषात मी असाच उतरलो, तर टपरीपुढे फटफट्यांची एक लांब रांग येऊन थांबत होती. सगळ्यांची जाकिटं एका रंगाची, डोक्यावर भोपळ्याएवढी हेल्मेटं, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. रांगेच्या तोंडाशी एक पोरगी होती. तिने डावा हात वर केला, तशी इंजिनं एकामागून एक बंद होत गेली. शेवटचं इंजिन गप्प झालं आणि घाटात जी शांतता उतरली, ती मी ओळखली. पन्नासच्या वर वर्षं झाली असतील, ती मला भेटली नव्हती.

तापलेलं लोखंड थंड होताना टिकटिक करतं. तो आवाज, ऑइलचा करपट वास आणि त्यात मिसळलेला सागाच्या वाळक्या पानांचा वास. मी जागीच उभा राहिलो. चहा घ्यायचा राहून गेला.

"क्या देख रहे हो, दादाजी?" पोरीने विचारलं.

"तुम्हारी लाइन देख रहा हूँ. आखरीवाला ढीला है. मोड पे बहुत पीछे रह जाता है."

ती हसली. "आप भी चलाते थे क्या?"

"चलाता था मतलब? यहाँ से समुंदर तक गया हूँ."

तिच्या मागचा एक जण हेल्मेट काढत म्हणाला, "यहाँ कौन सा समुंदर है, बाबा?"

तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. कंडक्टर पत्र्यावर थापा मारायला लागला. उत्तर माझ्या तोंडातच राहिलं, आणि माझं उत्तर तोंडात राहिलेलं मला खपत नाही. म्हणून ते इथे लिहितो. मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीच्या मास्तरचं आणि माझं जमलं नाही, त्यात माझी चूक नव्हती. अक्षर वाकडं असेल, गोष्ट सरळ आहे.

आमच्या वेळी रांगेच्या तोंडाशी पटले नावाचे हवालदार असत. राजेगावचे. फौजेत त्यांनी फटफटीवरून डाक वाहिली होती, बर्फातून, चिखलातून, रस्ता नाही तिथूनही. फौज सुटल्यावर गावी आले, पण गावाच्या शिवेत त्यांचा जीव मावत नव्हता. मग दर वर्षी धान घरात येऊन पडलं, की ज्याच्याजवळ फटफटी आहे आणि ज्याला घरच्यांचं ऐकायची सवय नाही, असे दोन-चार लोक गोळा करून ते निघायचे. डोंगर दाखवायचे, समुद्र दाखवायचे, आणि परत आणून ज्याला त्याला आपापल्या दारात उभं करायचे. समुद्र पाहिलेला माणूस तेव्हा आमच्याकडे शोधावा लागे. हवालदारांनी पाहिला होता, पण ते त्याविषयी बोलत नसत. कोणी विचारलंच तर म्हणत, "ते सांगून नाही जमत. चालतो काय?"

मी तेव्हा उकव्याच्या खाणीवर गॅरेजात कामाला होतो. सहासष्ट किंवा सदुसष्ट साल असेल. लष्कराच्या लिलावातली एक जुनी फटफटी मी घेतली होती. तिचा हिरवा रंग खरवडून काळा दिला होता, तरी कोवळं ऊन पडलं की टाकीच्या कडेने आतला हिरवा डोकावायचा. तिची फटफट उकव्याच्या बाजारातून निघाली की वर खाणीच्या लायनीत माझी आई चुलीवर चहा ठेवायची. आमच्या खोल्या एकाला एक लागून, पत्र्याच्या. मँगनीजची काळी धूळ नखांत, कानांत, दांडीवर वाळणाऱ्या धोतरात. पाऊस पडून गेला की ती धूळ एक वास सोडायची, थंड लोखंडाला नाक लावल्यासारखा. तो वास आता उकव्याला गेलो तरी येत नाही. की माझं नाकच गेलं, कोण जाणे.

बाबा त्या खाणीत दगड फोडायचे. त्याच्या आधी, मी लहान असताना, ते मालगुजाराकडे, गावच्या जमीनदाराकडे, राबायचे. दाराबाहेर हात जोडून उभं राहायचं, आतून "अबे" अशी हाक येईपर्यंत. त्यांच्या हातांना ते वळणच पडलं होतं. कोणी खाकी कपड्यातला दिसला, कोणी पायात जोडे घातलेला दिसला, की दोन्ही हात आपोआप एकमेकांवर यायचे. मग छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. पांढरा सदरा घालून, स्टेशनापासून पायी. त्या दिवशी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं, आपले दोन्ही हात मांड्यांवर उपडे ठेवले आणि म्हणाले, "हे आता विहारात जुळतीन. आपल्या मनानं. बाकी ना दगडापुढं, ना नदीपुढं, ना माणसापुढं. तुह्येही."

मी म्हटलं, "हौ."

मी एकदा हौ म्हटलं की म्हटलं. वैनगंगेच्या पुलावर बस आली की सगळे पाण्यात पैसा टाकायचे, बायका पदर पुढे घेऊन हात जोडायच्या, आणि बाबा आणि मी समोर पाहत बसायचो, रेल्वेच्या रुळासारखे सरळ.

आम्ही निघालो ते चार फटफट्यांवर. पुढे हवालदार. मग मी. माझ्यामागे किरनापूरचा नारायण शिंपी, ज्याचं तोंड त्याच्या मशीनपेक्षा जास्त चालायचं. शेवटी वारासिवनीचे दोघे भाऊ एकाच फटफटीवर. ते फक्त आपसात बोलायचे, तेही उतारावर. नारायणाने मला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, मँगनीज. कारण मी कितीही घासून अंघोळ केली तरी माझ्या कानामागून काळं निघायचं.

सामान थोडं. अंथरूण मेणकापडात गुंडाळून दोराने आवळलेलं, एक पातेलं, आईने दिलेली लाखोरीची डाळ आणि चिन्नोरचा तांदूळ. त्या तांदळाचं काय सांगू. रस्त्याच्या कडेला तीन दगड मांडून हवालदार भात टाकायचे, आणि वाफ सुटली की कुठून कुठून माणसं येऊन उभी राहायची. काही मागायची नाहीत. नुसती वास घेत उभी राहायची. हवालदार प्रत्येकाच्या ओंजळीत घास घालायचे आणि शेवटी आम्हाला कमी पडायचा. तसा भात मी नंतर खाल्ला नाही. चिन्नोर अजून पिकतो, पण तो वास रस्त्यावरच राहिला.

लांजी सोडली तेव्हा धुकं होतं. कापलेल्या धानाचे खुंट ओले, बांधावरून बैलांच्या घंटा ऐकू यायच्या पण बैल दिसायचे नाहीत. हवालदारांच्या पाठीवरचा फौजी कोट तेवढा पुढे तरंगत होता. त्या पाठीकडे पाहून चालवायचं, एवढंच मला ठाऊक. पुढे कांकेरच्या अलीकडे साग सरला आणि सरईचं, म्हणजे सालाचं, रान लागलं. ज्याने सागाचं रान पाहिलं त्याने सरईचं पाहिलं असं होत नाही. साग म्हणजे बाजार, सगळी पानं बोलत असतात. सरई म्हणजे उंच, सरळ, गप्प. रस्ता त्यातून असा जायचा की दोन्हीकडे खांब आणि वर छत, आणि आपल्या चार इंजिनांचा आवाज पुढून कोणी परत पाठवतंय असं वाटायचं. नारायण शिंपीसुद्धा त्या रानात बोलला नाही.

मग केशकालचा घाट आला.

पायथ्याशी देवीचं ठाणं होतं. शेंदूर, लाल चिंध्या, फुटलेल्या नारळाच्या करवंट्या. वर जाणारा प्रत्येक ट्रक तिथे थांबत होता, ड्रायव्हर उतरून हात जोडत होता आणि मग गियर टाकत होता. हवालदारांनी डावा हात वर केला. आम्ही थांबलो.

"उतरा. गाड्या बंद. हात जोडा, मंग चढू."

सगळे उतरले. मीही उतरलो. सगळ्यांनी जोडले. मी नाही.

हवालदारांनी पाहिलं. "तुह्ये हात काहून खाली?"

"मी नाही जोडत, हवालदारसाहेब."

"काहून?"

"बाबाले शब्द देला हाये."

त्यांनी आवाज चढवला नाही. "माह्या मागं येणाऱ्याचा जीव माह्या हातात राहते. मी विचारल्याबिगर कोणाले घाट चढवत नाही."

"तुम्ही विचारा. माह्याही वाटचं विचारून घ्या."

"तुह्या बाबानं घाट पाह्यला नाही, म्हणून असा शब्द घेतला."

"त्यानं माणसं पाह्यली," मी म्हटलं.

नारायण मधे पडला. "अबे मँगनीज, देवीले नाही तं निदान ब्रेकले जोड. पुढं त्याचंच काम हाये." कोणी हसलं नाही. वारासिवनीच्या भावांपैकी मोठा जमिनीकडे पाहत होता. त्यावरून रांगेत तो एकच माझ्या बाजूचा असेल असं मला वाटलं, पण त्याने मान वर केली नाही.

हवालदार म्हणाले, "मंग तू माह्या लायनीत नाही. मागून ये. मी तुले धरणार नाही."

"नका धरू."

ते चौघे गेले. त्यांचा आवाज एका वळणावरून दुसऱ्या वळणावर चढत बारीक होत गेला. मी किक मारली. त्या रस्त्यावर मी कधी आलो नव्हतो, पुढे काय आहे ठाऊक नव्हतं, आणि परतीची वाट विचारायला तोंड नव्हतं. परतलो असतो तर उकव्यात सांगितलं असतं काय? की समुद्र राहिला आणि हात वाचले? पण जोडले असते आणि समुद्र पाहून आलो असतो, तर ओट्यावर बसलेल्या बाबांपुढे कोणते हात घेऊन गेलो असतो? चढताना माझ्या डोक्यात हेच.

आणि तरी सांगतो, तो घाट मी जितका एकट्याने पाहिला तितका त्या चौघांनी पाहिला नसेल. वळणामागे वळण. प्रत्येक वळणावर खालचं रान आणखी खाली जात होतं. आधी झाडं दिसायची, मग झाडांचे शेंडे, मग नुसतं हिरवं, मग हिरव्याचाही निळा झाला. रस्त्याच्या कडेला दगडातून पाणी झिरपत होतं, तिथे गारवा अंगावर यायचा आणि पुढच्या वळणावर ऊन. एका ठिकाणी समोरून आलेल्या ट्रकला वाट द्यायला मी कठड्याला चिकटलो, खाली पाहिलं, आणि माझे हात हँडलवर असे घट्ट बसले की ट्रक गेल्यावर एकेक बोट सोडवावं लागलं. एक गिधाड माझ्या पायांच्या खाली उडत होतं. त्याची पाठ दिसत होती. पाखराची पाठ मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

वरच्या टोकाला, अगदी शेवटच्या वळणावर, हवालदार कठड्यावर बसले होते. फटफटी उभी. त्यांच्या पलीकडे नारायण.

नारायण म्हणाला, "लेका, आम्ही तं कधीचे वर आलो असतो. हे येऊच देईनात. दर मोडीवर उभे. मी म्हटलं काय झालं, तं म्हणते चूप, ऐकू दे. तुही फटफट ऐकून राह्यले होते."

मी हवालदारांकडे पाहिलं. त्यांनी कोट झटकला. "लायनीत नाही धरलं. कान थोडेच बंद केले."

पुढच्या घाटाच्या पायथ्याशी त्यांनी पुन्हा हात वर केला. मी उतरून उभा राहिलो आणि वाट पाहू लागलो. ते माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "तू जोडू नको. पण गाडी बंद कर. बाकीचे विचारते तवर निसता उभा राह. एवढं करशीन?"

"एवढं करीन."

"मंग लायनीत ये."

तेव्हापासून तसंच. प्रत्येक घाटाच्या तोंडाशी ते चौघे डोळे मिटून हात जोडायचे, आणि मी हात खाली सोडून, डोळे उघडे ठेवून उभा. लोक म्हणतील त्यात काय. पण तोपर्यंत मी आयुष्यात काही काम नसताना उभा राहिलो नव्हतो. खाणीत उभं राहिलं की मुकादम ओरडायचा. इथे कोणी ओरडत नव्हतं. इंजिन टिकटिकत थंड व्हायचं आणि ते थांबलं की बाकीचं ऐकू यायला लागायचं. लांब कुठे कुऱ्हाड. त्याहून लांब त्या कुऱ्हाडीचा डोंगराने परत दिलेला आवाज. वाळक्या पानावरून सरकणारा सरडा. वारा आधी समोरच्या डोंगरावर यायचा, तिथली झाडं हलायची, मग मधल्या दरीत काही नाही, आणि मग माझ्या कानापाशी. मी मोजत नव्हतो, मागत नव्हतो. आपण किती लहान आहोत याचं मला वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. उलट छाती भरून यायची. मालगुजाराच्या दारात बाबांना लहान वाटायचं ते वेगळं होतं, हे वेगळं, एवढं मला कळत होतं. त्याला शब्द आजही नाही.

कोरापुटच्या डोंगरांत थंडी अशी की पहाटे फटफटीच्या सीटवर पांढरं जमायचं. आम्ही इंजिन सुरू करून त्याच्यावर हात शेकायचो. बाजाराला निघालेल्या बाया ओळीने रस्त्याच्या कडेने चालायच्या, डोक्यावर चिंचेचे, हळदीचे भारे, आणि आमचा आवाज ऐकला की सगळी ओळ एकदम रानात शिरायची आणि पानांतून आमच्याकडे पाहून हसायची. कुठे डोंगराचा उतार जाळलेला, त्याचा धूर गोड. दगडांवरच्या पाट्या आता कोणालाच वाचता येईनात. नारायण आपली सातवी पास घेऊन त्या गोल गोल अक्षरांपुढे उभा राहायचा आणि म्हणायचा, "जिलब्या टाकल्या हायेत निसत्या." मला काही फरक पडला नाही. मी हवालदारांची पाठ वाचत होतो.

मग सगळे डोंगर एका मोठ्या उतारात संपले. सालूरच्या खाली आलो तशी हवा जड झाली. ताडाची झाडं लागली, माणसांचा बोल बदलला, भात बदलला. कोट काढून मागे बांधले. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, आणि त्यात एकटीदुकटी टेकडी, कळपातून चुकलेल्या वासरासारखी. मला उगाच चुकल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, डोंगर तर संपले. आता कसलं काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बुटक्या चढावर आलो आणि समोर, नारळाच्या शेंड्यांच्या वर, एक निळा डोंगर उभा होता.

लांबच लांब. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका उंचीचा, माथा जणू दोरी धरून कापलेला. आमच्या मैकलच्या रांगा लांबून निळ्याच दिसतात, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. एवढंच वाटलं की एवढा मोठा घाट हवालदारांनी शेवटाला कसा ठेवला. त्यांनी डावा हात वर केला. आम्ही थांबलो, उतरलो, गाड्या बंद केल्या. नारायणाने आणि त्या दोघा भावांनी नेमाप्रमाणे हात जोडून डोळे मिटले. मी नेमाप्रमाणे उभा राहिलो, आणि माझे डोळे उघडे होते म्हणून मला आधी दिसलं. डोंगराच्या अर्ध्या उतारावर एक पांढरं कापड अडकलं होतं. ते हळू सरकत होतं.

नारायणाने डोळे उघडले. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "हवालदारसाहेब, ह्या डोंगरावर नाव चढून राह्यली."

 हवालदारांनीही हात जोडले नव्हते. टोपी काढून काखेत धरली होती, टाचा जुळवल्या होत्या, आणि इतके दिवस आमच्याकडे फक्त पाठ करून असलेला तो माणूस पहिल्यांदा वळून आमची तोंडं पाहत होता. तेवढ्यासाठीच तो दर वर्षी येत असावा.

"हा चढाचा नाही," ते म्हणाले. "रस्ता इथंच संपते."

मग तो डोंगर माझ्या डोळ्यांपुढे आडवा झाला. कसा झाला सांगता येत नाही. उभा होता तो पसरला, आणि पसरतच गेला, आणि त्याला पलीकडचा काठ नव्हता. वैनगंगेला पूर आला तरी पलीकडचा काठ असतो. मी काठ शोधत राहिलो. डोळे थकले.

खाली वाळूत उतरलो. जोडे काढले. पाणी यायचं, पायांवरून जायचं, आणि परत जाताना तळव्याखालची वाळू ओढून न्यायचं, जणू कोणी खालून म्हणतंय की सरक. मीठ, ओली दोरी, वाळणारी मासळी, असा वास. आणि आवाज. इतके दिवस मी इंजिन बंद झाल्यावरची शांतता ऐकत आलो होतो. इथे बंद करायला काही नव्हतं. तो चालूच होता. माझ्या बाबांच्या आधी, मालगुजाराच्या आधी, सगळ्यांच्या आधीपासून चालू.

माझे हात उठले. खोटं कशाला बोलू. मांडीपासून सुटले आणि वर यायला लागले, आपल्या मनाने. मला ते दिसलं तसे मी ते पाठीमागे नेले आणि एकाने दुसऱ्याला घट्ट धरून ठेवलं. समोर तो, आणि मी छाती काढून उभा, हात मागे, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

नारायण मागून आला. माझ्या पाठीकडे पाहून म्हणाला, "वा रे मँगनीज. समोरून नाही, तं मांगून जोडले."

"धरले हायेत," मी म्हटलं. "जोडले नाही."

हवालदार जवळच उभे होते. म्हणाले, "इथं ना देवी हाये ना पुजारी. कोणी पाहत नाही तुले. जोड की."

"नाही."

"लय पक्का हायेस." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. रागाने म्हणाले की आणखी कशाने, मला आजवर ठरवता आलं नाही.

तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो. एका हाताला तांबड्या मातीचे ढिगारे, आमच्या खाणीसारखेच खणलेले दिसायचे, पण ते पावसाने खणलेले. दुसऱ्या हाताला तो. वळण आलं की झाडांआड जायचा, मला वाटायचं गेला, आणि पुढच्या वळणावर पुन्हा तसाच उभा. मी आयुष्यात इतकं वाईट कधी चालवलं नाही; मान सारखी तिकडे. कोळ्यांची पोरं आमच्यामागे पळायची. ओंडके बांधून केलेल्या होड्यांवर माणसं उभ्यानेच लाटा चढायची, आणि लाटेच्या पलीकडे गेली की नसायची, आणि पुन्हा असायची. बंदराजवळ आलो तर धक्क्यावर काळे ढिगारे. लांबूनच मी ओळखलं. वारा आमच्याकडे वळला आणि तो थंड लोखंडाचा वास आला. "हा आपला दगड," मी ओरडून म्हटलं, पण इंजिनांच्या आवाजात कोणी ऐकलं नाही. बाबांनी फोडलेला असेल, दुसऱ्या कोणी फोडलेला असेल. तो जहाजात भरला जात होता. ज्या काठाचा मला पत्ता लागला नव्हता, तिकडे तो चालला होता.

गांगुलपाऱ्याच्या टपरीवर त्या पोराला मला एवढं सांगायचं होतं. पण बस सुटली, आणि खिडकीतून पाहिलं तर ती रांग घाट चढायला लागली होती. आखरीवाला तसाच मागे. मी मान वळवून पाहत राहिलो. पहिल्या वळणावर पोरगी थांबली होती, एक पाय जमिनीवर टेकून, तो येईपर्यंत. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. चांगली आहे पोरगी. पुढच्या माणसाला एवढं आलं म्हणजे झालं.

त्या साली समुद्रावरून घरी परतलो तेव्हा बाबा सुटीवर होते, ओट्यावर बसून खाटेची दोरी आवळत होते. आईने पायांवर पाणी घातलं. मी चहाही न घेता सांगायला बसलो. केशकालचं सांगितलं, हवालदारांना काय उत्तर दिलं ते सांगितलं, एकट्याने घाट चढलो ते सांगितलं. मग छाती काढून म्हटलं, "कोठीच नाही जोडले, बाबा."

त्यांनी दोरीला पीळ दिला. "समुद्रापुढंही नाही?"

"नाही."

 मला वाटलं आता पाठीवर हात येईल.

"मी असतो तं जोडले असते," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "तुम्हीच तं सांगतलं होतं. ना दगडापुढं, ना नदीपुढं."

"सांगतलं होतं."

"मंग?"

"त्यानं तुले 'अबे' म्हटलं काय? दारात उभं केलं काय?" बाबांनी दोरी खाली ठेवली. "त्यानं मांगतले नाही हात. न मांगता देल्ले असते तं काय गेलं असतं आपलं?"

"मले आधी सांगाचं होतं हे."

"मले कोठी माहीत होतं? मी कोठी समुद्र पाह्यला?"

मी त्यांच्याशी आठवडाभर बोललो नाही. आई दोघांना वेगवेगळं वाढायची आणि म्हणायची, एकाचं झाकलं की दुसऱ्याचं उघडावं लागते, भांडी कोण घासन? मी बरोबर होतो असं मला तेव्हा वाटत होतं. आजही वाटतं. पण बाबाही चूक होते असं म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि या दोन गोष्टी एका डोक्यात कशा राहतात ते माझं मलाच ठाऊक नाही. राहतात.

आठवड्याने, पाळी संपवून बाबा आले, हातपाय धुतले, आणि मी फटफटीची चेन पुसत होतो तिथे येऊन उभे राहिले.

"बरं, जोडायचं जाऊ दे. कसा होता ते तं सांग."

मी उठलो. तोंड उघडलं. केशकाल मला सांगता आला होता, कोरापुट सांगता आलं होतं. यावर शब्दच येईना. मग मी चेनच्या काळ्या ग्रीसने भरलेले दोन्ही हात बाजूंना पसरले, जेवढे जातील तेवढे, खांदे दुखेपर्यंत.

"एवढा?" बाबांनी विचारलं.

"नाही."

ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. त्यांनी आपले हात पसरले, दगड फोडून बोटं वाकडी झालेले, आणि त्यांच्या उजव्या हाताचं टोक माझ्या डाव्या हाताच्या टोकाला लावलं. आई चुलीपाशी बसून आम्हा दोघांकडे पाहत होती.

"आता?"

"अखीन," मी म्हटलं.

बाबांनी टाचा उचलल्या आणि हात आणखी ताणले.